साख आणि साक्ष : ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’मधील कार्बन-नाण्याची चिकित्सा

अमेरिकी लेखक किम स्टॅन्ली रॉबिन्सन (जन्म १९५२) हे विज्ञानकथेच्या क्षेत्रातील एक मान्यवर नाव आहे. मंगळ ग्रहावरील मानवी वसाहतीचा विषय घेऊन १९९० च्या दशकात त्यांनी लिहिलेली कादंबरी-त्रयी सर्वपरिचित आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ या कादंबरीचा विषय मात्र पृथ्वी हाच आहे, आणि तिचा प्रारंभ भारतात होतो. या कादंबरीची चर्चा बहुधा तिच्या भयंकर पहिल्या प्रकरणासाठी होते. तथापि कादंबरीचा कणा त्या प्रकरणात नसून पैशाच्या प्रश्नात आहे. हवेतला कार्बन काढून घेणाऱ्याला, जमिनीतले तेल जमिनीतच राहू देणाऱ्याला आणि जंगल राखणाऱ्याला पैसे कोणी, कशाच्या बळावर आणि कोणाच्या भरवशावर द्यावेत, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात कादंबरीच्या याच अंगाची चिकित्सा करावयाची आहे.

कथानक आणि निवेदन

उत्तर प्रदेशातील एका गावात उष्णतेची लाट येते. उष्णता आणि दमटपणा एकत्र आल्याने घामाने शरीर थंड होणेच थांबते. वीज जाते, लोक तलावात उतरतात, पण तलावाचे पाणीही अंगाला पोळणारे असते. सकाळी गावात फ्रँक मे हा परदेशी मदत-कार्यकर्ता जवळजवळ एकटाच जिवंत उरतो. या लाटेत सुमारे दोन कोटी माणसे मरतात अशी कादंबरीची कल्पना आहे. दुसरीकडे, कोलंबियातील बोगोटा येथे भरलेल्या एकोणतिसाव्या हवामान परिषदेत भावी पिढ्यांच्या वतीने बोलणारी एक संस्था स्थापन होते. तिचे कार्यालय झुरिचमध्ये असून आयर्लंडच्या मेरी मर्फी या तिच्या प्रमुख आहेत. फ्रँक आणि मेरी यांची गाठ पडणे, फ्रँकने मेरीला तिच्याच घरात काही तास अडकवून ‘तुम्ही पुरेसे का करीत नाही’ असा जाब विचारणे, हा कादंबरीतील नाट्याचा मुख्य धागा आहे.

शंभरावर प्रकरणांच्या या कादंबरीची रचना सरळ नाही. काही प्रकरणे दोन माणसांच्या संवादाची, काही सभेच्या टिपणांसारखी, काही अर्थशास्त्राच्या व्याख्यानासारखी आहेत. कुठे सूर्य बोलतो, कुठे कार्बनचा अणू स्वतःचा प्रवास सांगतो. ज्यांना कादंबरीत पात्रे आणि प्रसंगच हवे असतात त्यांना ही रचना विस्कळीत वाटेल. पण एका माणसाच्या आयुष्यात न मावणारा विषय अनेक आवाजांतून मांडण्याची ती योजना आहे, आणि पुष्कळ अंशी ती साधली आहे. कोणता आवाज कादंबरीत ऐकू येतो आणि कोणता येत नाही, हे तपासण्याची सोयही या रचनेतच आहे.

कार्बन-नाणे

कादंबरीतील मध्यवर्ती कल्पना ‘कार्बन कॉइन’ ही आहे. कार्बन हवेतून काढून साठवला, किंवा खाणीत अथवा विहिरीत तसाच राहू दिला, की त्या टनांच्या हिशेबाने मध्यवर्ती बँकांनी नवे चलन निर्माण करून द्यावयाचे. ही कल्पना रॉबिन्सन यांनी हवेतून आणलेली नाही. डेल्टन चेन यांनी मांडलेल्या ‘ग्लोबल कार्बन रिवॉर्ड’ या प्रस्तावाचा आधार कादंबरीत नावानिशी येतो. मेरी मर्फी मध्यवर्ती बँकांच्या प्रमुखांपुढे ही योजना मांडतात तेव्हा ते आधी तिला नकार देतात. पुढे संकटे आणि हिंसाचार वाढल्यावर त्याच बँका ती स्वीकारतात. हिंसेचा हा दबाव कादंबरीने जितक्या सहजतेने पचवला आहे, तितक्या सहजतेने वाचकाला तो पचत नाही, हे नोंदविले पाहिजे.

या कल्पनेचे एक मोठे गुणवैशिष्ट्य आहे. आज प्रत्यक्षात जो कार्बन-बाजार आहे, त्याचा मोठा भाग ‘ऑफसेट’ या तत्त्वावर उभा आहे. एका ठिकाणी धूर सोडणारी कंपनी दुसरीकडच्या प्रकल्पाचे क्रेडिट विकत घेते आणि आपल्या हिशेबातून तेवढा धूर वजा करते. म्हणजे खरेदीदाराला टनाची खरी गरज नसते, त्याला पावती हवी असते. पावती स्वस्त असेल तर ती खोटी आहे का, हे पाहण्यात ना विकणाऱ्याचा लाभ असतो, ना घेणाऱ्याचा. रॉबिन्सन यांच्या नाण्यात हा दोष नाही. नाणे मिळविणाऱ्याने कोणाचे पाप धुतलेले नसते. पैसा सार्वजनिक संस्था देते आणि त्या बदल्यात कोणालाही धूर सोडण्याचा परवाना मिळत नाही. हवामानासाठी पैसा उभा करण्याच्या चर्चेत हा भेद अनेकदा हरवतो. कादंबरीने तो जपला, हे तिचे श्रेय आहे.

परंतु येथेच एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. टन मोजला कोणी? कादंबरीत पडताळणीचा उल्लेख आहे, पण कथा तिथे थांबत नाही. बँकप्रमुखांच्या मनाचे कंगोरे दाखविण्यासाठी पाने खर्ची पडतात, मोजणाऱ्याच्या वाट्याला वाक्ये येतात. शेवटाकडील एका प्रकरणात जगभरच्या पर्यावरण-संस्थांचे प्रतिनिधी एका सभेत देशवार उठून आपापली ओळख करून देतात. हे संपूर्ण प्रकरण म्हणजे नावांची लांबलचक यादी आहे आणि ती वाचताना ऊर भरून येतो. पण प्रत्येक जण स्वतःविषयी स्वतःच सांगत असतो. एकाविषयी दुसऱ्याने दिलेली साक्ष त्या यादीत कुठेही नाही. कादंबरीची मर्यादा या एका प्रकरणातून जशी स्पष्ट होते तशी इतर कशातून होत नाही.

आधाररेषा नावाची कथा

काढून घेतलेला टन आणि ‘न सोडलेला’ टन या दोहोंना कादंबरी एकाच नाण्याने तोलते. साक्षीच्या दृष्टीने या दोन वस्तू एकजातीच्या नाहीत. काढलेला कार्बन कुठेतरी असतो: लाकडात, कोळशात, खडकात किंवा पाण्यात. तो मोजणे अवघड असले तरी मोजण्यासारखे काहीतरी समोर असते. न सोडलेल्या टनाच्या बाबतीत मात्र जे घडलेच नाही त्याचा पुरावा मागावा लागतो. जंगल राखण्याचे पैसे मागणाऱ्या प्रकल्पाला आधी हे सांगावे लागते, की हा प्रकल्प नसता तर इतकी झाडे तुटली असती. या अंदाजाला ‘बेसलाइन’ म्हणजे आधाररेषा म्हणतात. साहित्याच्या अभ्यासकाने हा दस्तऐवज वाचला तर त्याला तो ओळखीचा वाटेल, कारण आधाररेषा ही एक कल्पित कथा आहे. तिच्यात भविष्यकाळ आहे, खलपात्र म्हणून कुऱ्हाड आहे आणि ऐन वेळी येणारा तारणहार आहे. कादंबरी आपण कल्पित असल्याचे मुखपृष्ठावरच मान्य करते, प्रकल्पाचा दस्तऐवज ते करीत नाही. आणि कथेतील कुऱ्हाड जितकी भयंकर रंगवावी, तितकी क्रेडिटे अधिक मिळतात.

या कथालेखनाचा परिणाम कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतरच्या काळात स्पष्टपणे समोर आला. जानेवारी २०२३ मध्ये ‘द गार्डियन’, ‘डी त्साइट’ आणि ‘सोर्समटेरियल’ यांनी मिळून केलेल्या शोधपत्रकारितेत असा निष्कर्ष निघाला, की ‘व्हेरा’ या प्रमाणन संस्थेने मान्य केलेल्या वर्षावन-क्रेडिटांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्रेडिटांमागे खरी घट बहुधा नव्हती. व्हेराने हा निष्कर्ष अमान्य केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात थेल्स वेस्ट व सहकाऱ्यांचा अभ्यास आला. सहा देशांतील २६ प्रकल्पांच्या या अभ्यासात, ज्यांची पुरेशी माहिती मिळाली त्या प्रकल्पांच्या सुमारे ८ कोटी ९० लाख अपेक्षित क्रेडिटांपैकी केवळ ५४ लाख क्रेडिटांमागे प्रत्यक्ष घट आढळली. म्हणजे शंभरातली जेमतेम सहा.

हे सर्व प्रकल्प खोटे होते किंवा तिथे काम करणारे सगळे लबाड होते, असा याचा अर्थ नाही. पुष्कळ ठिकाणी वनरक्षक होते, गस्त होती, गावात शाळा-दवाखान्याला पैसा गेला होता. चूक व्यवस्थेच्या मांडणीत होती. कथा लिहिणारा विक्रेता होता, ती तपासणाऱ्याची फी विक्रेताच देत होता, आणि प्रमाणन संस्थेचे उत्पन्नही दिल्या गेलेल्या क्रेडिटांच्या संख्येवर अवलंबून होते. न्यायालयात वादीने स्वतःच्या खर्चाने साक्षीदार आणावा आणि निकाल लागेल तसे त्याचे मानधन वाढावे, तशातला हा प्रकार झाला.

याहून जुना धडाही उपलब्ध आहे आणि त्यात भारताचा वाटा आहे. १९९७ च्या क्योटो कराराखालील स्वच्छ विकास यंत्रणेत एचएफसी-२३ हा वायू नष्ट करणाऱ्या कारखान्यांना क्रेडिटे मिळत. शीतकरणासाठी लागणारा दुसरा एक वायू बनविताना हा आपोआप तयार होतो. त्याची तापविण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० पट धरली होती. म्हणून एक टन जाळला की ११,७०० क्रेडिटे पदरात पडत. चीन आणि भारतातील कारखान्यांना हा उपउत्पादित वायू मुख्य मालापेक्षा किफायतशीर ठरू लागला. क्रेडिटांसाठीच अधिक वायू तयार केला जात असल्याची शंका बळावली आणि मे २०१३ पासून युरोपीय संघाने आपल्या बाजारात ही क्रेडिटे घेणे बंद केले. येथे मोजमाप अचूक होते. वायू खरोखर जाळला जात होता. तरीही तो टन विश्वासार्ह नव्हता. मोजणे आणि साक्ष देणे यांतील अंतर यावरून ध्यानात येते. ‘किती जाळले’ याचे उत्तर यंत्र देते, ‘ते निर्माणच का झाले’ याचे उत्तर साक्षीदाराला द्यावे लागते.

एका शब्दाचा विचार

‘क्रेडिट’ या शब्दाला मराठीत ‘पत’ असा नेमका शब्द आहे. उर्दूत त्यासाठी ‘एतबार’ आणि ‘साख’ हे दोन्ही शब्द चालतात. यांपैकी ‘साख’चे मूळ संस्कृत ‘साक्ष्य’ या शब्दात आहे. जुन्या उर्दू-हिंदी वापरात ‘साख’चा अर्थ ग्वाही असाही होता, आणि बाजारातील पत हा अर्थ त्याच्याच जोडीने नांदत आला. ज्याच्या बाजूने ग्वाही देणारे लोक आहेत त्याची पेठेत पत आहे, हा त्या शब्दामागचा व्यवहार होय. हुंडीचा व्यवहार याच तत्त्वावर चाले. इंदूरची हुंडी हैदराबादेत वटे ती कागदाच्या गुणामुळे नव्हे. लिहिणारा कोण आणि त्याला ओळखणारा कोण, हे दोन्ही माहीत असल्यामुळे ती वटे. कार्बन-बाजाराने हा क्रम उलटा केला. आधी पत छापली, बाजारात आणली, आणि साक्षीदाराचा शोध नंतर सुरू केला. रॉबिन्सन यांचे नाणेही, मध्यवर्ती बँकेचा शिक्का असूनही, या धोक्यातून मुक्त नाही. शिक्का नाण्याची किंमत सांगतो, नाण्याच्या मागे टन आहे हे तो सांगत नाही.

साक्षीची दुसरी कसोटी काळाची आहे. आज साठवलेला कार्बन उद्या निसटला तर? जंगल-प्रकल्प यासाठी काही क्रेडिटे विम्यासारखी बाजूला ठेवतात. कॅलिफोर्नियाच्या अशा राखीव साठ्याविषयी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की वणव्यांसाठी शंभर वर्षे पुरावा म्हणून ठेवलेला हिस्सा दहा वर्षांच्या आतच किमान ९५ टक्के संपला होता. धुराचे आयुष्य हजारो वर्षांचे आणि पावतीचे आयुष्य एका उन्हाळ्याचे, अशी ही विषम सांगड आहे.

कादंबरीबाहेरचे प्रयोग

कादंबरीतील एकोणतिसावी परिषद बोगोटात भरते. प्रत्यक्षातील एकोणतिसावी परिषद नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथे झाली. तिथे भविष्याचे मंत्रालय स्थापन झाले नाही, पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाखालील कार्बन-व्यापाराचे नियम मात्र पूर्ण झाले. मध्यवर्ती बँकांनी नाणेही काढलेले नाही. तरीही पैसा देण्याचे काही नवे मार्ग निघाले आहेत आणि ते कादंबरीच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

एप्रिल २०२२ मध्ये स्ट्राइप, अल्फाबेट, शॉपिफाय, मेटा आणि मॅकिन्झी या कंपन्यांनी ‘फ्रंटियर’ या नावाने ९२ कोटी ५० लाख डॉलरच्या आगाऊ खरेदीचे वचन दिले. दीर्घकाळ टिकणारा कार्बन काढून देणाऱ्या नव्या उद्योगांशी करार करावयाचा आणि मोठ्या करारांत पैसा टन हाती आल्यावरच द्यावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. या रकमेची भव्यता जागतिक गरजेपुढे मावळते. जगात दरवर्षी सुमारे दोन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड माणसाच्या प्रयत्नाने हवेतून काढला जातो असा २०२४ चा अंदाज आहे, पण तो जवळजवळ सगळा वृक्षारोपण आणि जंगलांच्या पुनरुज्जीवनातून. नव्या पद्धतींचा वाटा जेमतेम तेरा लाख टनांचा होता. तरी पैसा कधी द्यावा याचे उत्तर येथे बदलले आहे, हे महत्त्वाचे.

यातील काही प्रयोग भारतातील शेतांत चालू आहेत. एप्रिल २०२५ मध्ये ‘एक्सप्राइझ कार्बन रिमूव्हल’ स्पर्धेचे पाच कोटी डॉलरचे पहिले पारितोषिक ‘माटी कार्बन’ या संस्थेला मिळाले. छत्तीसगडसह काही भागांतील लहान भातशेतकऱ्यांच्या शेतात ही संस्था बेसाल्टची भुकटी पसरते. दख्खनच्या पठारावर राहणाऱ्याला हा काळा दगड सांगावा लागत नाही. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड या भुकटीशी संयोग पावतो, त्याचे बायकार्बोनेट होते आणि ते नदीवाटे समुद्रात जाऊन हजारो वर्षे टिकते. पद्धत साधी वाटते, साक्ष मात्र कठीण आहे. भुकटी टाकण्यापूर्वीचे आणि नंतरचे मातीचे नमुने हवेत, पाण्याची तपासणी हवी, भुकटी न टाकलेले शेजारचे शेत तुलनेला हवे. प्रत्येक शेताची माती वेगळी असते. खर्चाचा मोठा वाटा अशा ठिकाणी मोजणीकडेच जातो, आणि तो वाया गेला असे मानणे चूक ठरेल.

गुजरातमध्ये ‘वराह’ ही भारतीय कंपनी वेड्या बाभळीपासून बायोचार, म्हणजे मातीत मिसळण्याचा कोळसा, तयार करते. २०३० पर्यंत एक लाख टनांची क्रेडिटे घेण्याचा करार गूगलने तिच्याशी जानेवारी २०२५ मध्ये केला. या झुडपाने गुजरातचे गवताळ प्रदेश किती व्यापले आहेत हे बडोद्याच्या वाचकांना ठाऊक आहे. कच्छच्या बन्नी भागात ते १९६० च्या दशकात वनखात्याने मुद्दाम लावले आणि पुढे त्याने मालधारी पशुपालकांची कुरणे गिळली. असे झुडूप काढून त्याचा टिकाऊ कोळसा करणे हे कार्बन काढणेही आहे आणि कुरणाचे संवर्धनही. पण साक्षीचा प्रश्न येथेही सुटत नाही. झुडूप काढल्यावर तिथे गवत परतले का, हे कोळशाच्या वजनावरून कळणार नाही. ते तिथे गुरे चारणाराच सांगू शकेल.

कोकणातील एक उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे. पुण्याची ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ ही १९९४ पासूनची संस्था रत्नागिरी जिल्ह्यात खासगी मालकीच्या जंगलांसाठी शेतकऱ्यांशी करार करते. ठरावीक वर्षे झाडे न तोडण्याचा मोबदला त्यांना मिळतो. बेहडा आणि हिरडा यांच्या फळांना प्रमाणित बाजारपेठ मिळवून देण्याचेही काम तिने केले. बेहड्याच्या जुन्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. येथे टनांचा भव्य दावा नाही. झाड उभे आहे की नाही, ढोलीत पक्षी आला की नाही, ही साक्ष गावातला कोणीही देऊ शकतो. तिथे मोजमाप ढोबळ असले तरी साक्ष पक्की आहे.

सरकारही साक्षीशिवाय पत छापण्याच्या मोहापासून अलिप्त नसते. भारत सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये हरित क्रेडिट कार्यक्रम जाहीर केला. पडीक वनजमिनीवरील वृक्षारोपणासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरलेल्या पद्धतीत झाडामागे एक क्रेडिट असा हिशेब होता आणि त्यावर बरीच टीका झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये नियम बदलले. आता किमान पाच वर्षे काम झाल्यावर, छत्राची घनता ४० टक्के झाल्यावर आणि जगलेल्या झाडांच्या हिशेबाने क्रेडिट मिळते. पाच वर्षे थांबणे म्हणजे झाडालाच साक्षीला उभे करणे होय. रॉबिन्सन यांच्या मंत्रालयाने घ्यावा असा हा एक साधा धडा आहे.

मूल्यमापन

कादंबरीकाराकडे लेखापरीक्षकाचे काम मागणे योग्य नाही, असा आक्षेप येथे घेता येईल. तो काही अंशी रास्त आहे. परंतु रॉबिन्सन यांनी आपली कादंबरी मुद्दामच संस्थांची कादंबरी केली आहे. बँका, परिषदा, करार, समित्या यांच्या कामकाजातच नाट्य आहे असा तिचा दावा आहे. अशा कादंबरीत मोजणाऱ्याचे पात्र नसणे ही केवळ तांत्रिक उणीव राहत नाही, ती कलात्मक उणीव ठरते. चिखलात उभे राहून नमुना घेणारी तरुणी, आपल्या शेताचा आकडा ऐकून अविश्वासाने हसणारा शेतकरी, कंपनीला नको असलेला आकडा लिहावा की नाही या पेचात पडलेला तपासनीस, यांच्यात बँकप्रमुखांहून अधिक नाट्य आहे. जिथे सूर्यालाही बोलता येते, तिथे या माणसाला आवाज असायला हवा होता.

तथापि कादंबरीचे ऋणही मान्य केले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रीय मंडळाने २०२२ च्या अहवालात, निव्वळ शून्य गाठावयाचे तर जे उत्सर्जन टाळता येत नाही त्याच्यासाठी हवेतून कार्बन काढणे अटळ आहे असे सांगितले. म्हणजे पैसा द्यावाच लागणार आहे. फसवणुकीच्या बातम्या वाचून सगळा विषयच थोतांड म्हणून झटकून टाकणे सोपे असले तरी त्याची किंमत उत्तर प्रदेशातील त्या काल्पनिक गावासारखी खरी गावे देतील. रॉबिन्सन यांनी हे निकडीने सांगितले आणि पैसा उभा करण्याची कल्पकता दाखविली. त्यांच्या कल्पनेला जोड हवी ती एवढीच, की त्या पैशाचा पहिला हिस्सा साक्षीदाराला मिळावा. तो विक्रेत्याच्या खिशातून जाऊ नये, साक्षीदाराचे टिपण सर्वांना वाचायला खुले असावे, आणि जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाची साक्ष उपग्रहाच्या चित्राइतकीच ग्राह्य धरली जावी.

कार्बनविषयीचे करार आणि फॉर्म आज मराठी मुलखातल्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचू लागले आहेत. त्यांत ‘क्रेडिट’ हा शब्द तसाच देवनागरीत छापलेला असतो. त्या शब्दाच्या जागी ‘साख’ वाचले तर सही करण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न आपोआप सुचतो: या कागदामागे साक्ष कोणाची आहे, आणि त्या साक्षीदाराला पैसे कोण देतो? कादंबरीने हा प्रश्न अनुत्तरित ठेवला आहे. तिच्या वाचकाने तो तसा ठेवू नये.